बेळगावचे बाबा पदमनजी आणि आपली पहिली कादंबरी

शनिवारची सकाळ आहे, चहा झाला असेल. नसेल तर कप घेऊनच बसा, कारण आज आपल्याला जरा लांब जायचं आहे, थेट १८५७ सालापर्यंत.

आधी एक प्रश्न. मराठीतली पहिली कादंबरी कोणती? घरात जे कोणी असतील त्यांना विचारून बघा. मी माझ्या ओळखीतल्या दहा-बारा मराठी घरांत विचारलं. दोघांनी ‘श्यामची आई’ सांगितलं, तिघांनी हरिभाऊ आपट्यांचं नाव घेतलं, एका काकांनी ‘मुक्तामाला’ म्हटलं आणि बाकीचे हसले. आमच्या दुबईच्या ऑफिसात मल्याळी मंडळी पुष्कळ. त्यांच्यातल्या कुणालाही हाच प्रश्न विचारा, ‘इंदुलेखा’ हे उत्तर लगेच येतं. ओ. चंदू मेनन, १८८९. तिथले अभ्यासक तिच्या आधीच्याही एका पुस्तकाचं नाव सांगतात, पण सामान्य माणसाला निदान एक नाव पाठ असतं. शेजारचा तमिळ माणूस ‘प्रताप मुदलियार चरित्रम’ सांगतो, १८७९.

आणि आपली कादंबरी या दोन्हींच्या आधीची आहे! तिचं नाव ‘यमुनापर्यटन’. १८५७ साली छापली गेली. लेखक बाबा पदमनजी, बेळगावचे, वय वर्षं सव्वीस. बंगालीतलं एखादं पुस्तक सोडलं तर आधुनिक भारतीय भाषांत इतकी जुनी कादंबरी सापडणं कठीण. बंकिमचंद्रांची ‘दुर्गेशनंदिनी’सुद्धा १८६५ ची. एमबीएच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की बाजारात जो पहिला उतरतो त्याला काही काळ तरी फायदा मिळतो. या पुस्तकाला तो मिळाला नाही. का मिळाला नाही, तेच आज सांगणार आहे.

बाबा पदमनजींचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. घराणं त्वष्टा कासारांचं, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांचा परंपरेने व्यवसाय असलेल्या जातीतलं. वडील सरकारी नोकरीत, घरची स्थिती चांगली, वातावरण देवधर्माचं. पूजा, व्रतं, पोथ्या, तीर्थयात्रा हे सगळं त्यांनी लहानपणी मनापासून केलं. हे त्यांनी स्वतःच पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लिहिलं आहे. शिक्षण बेळगावच्या मिशन शाळेत, मग मुंबईला. मुंबईत ते डॉ. जॉन विल्सन यांच्या फ्री चर्चच्या शाळेतही शिकले आणि परमहंस सभेतही जाऊ लागले. ही सभा म्हणजे जातिभेद मोडू पाहणाऱ्या तरुणांची गुप्त मंडळी. सभासद होताना सर्वांसमोर पाव खायचा, एवढीच क्रांती, पण त्या काळी ती बाहेर फुटली असती तर घरातून हकालपट्टी ठरलेली.

पदमनजी तिथेच थांबले नाहीत. १८५४ साली, तेविसाव्या वर्षी, बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळात ही गोष्ट किती स्फोटक होती ते आज इथे बसून कळणं अवघड आहे. मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तर प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. मग त्याला शुद्ध करून परत जातीत घ्यायचं की नाही, यावरून शहर दुभंगलं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांनाही त्रास झाला. आणि १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे ‘यमुनापर्यटन’ निघालं त्याच वर्षी, मुंबईच्या समुद्रकाठी विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. ऐकायला गर्दी लोटायची. उत्तरेत बंड पेटलं ते त्याच वर्षी. धर्माचं नाव काढलं की माणसं अंगावर येतील असे ते दिवस होते, आणि अशा हवेत एका नव्या ख्रिस्ती तरुणाने हिंदू विधवांवर पुस्तक लिहिलं.

पुस्तकाचं पूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण’. ‘कादंबरी’ हा शब्द त्यात नाही, याकडे लक्ष द्या. बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाच्या नायिकेचं नाव आपण पुढे एका अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं. कानडीनेही तेच केलं. बंगाली आणि हिंदीने ‘उपन्यास’ घेतला, गुजरातीने ‘नवलकथा’, उर्दू आणि मल्याळमने सरळ इंग्रजी शब्द उचलला. पदमनजी लिहीत होते तेव्हा मराठीत या वस्तूला ठरलेलं नावच नव्हतं. त्यांनी जे केलं त्याला ते ‘निरूपण’ म्हणाले, कीर्तनकार म्हणतात तसं. समोर नमुना फारसा नव्हता. जॉन बनियनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हरी केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ नावाने मराठीत आणलं होतं, ते मिशनच्या वर्तुळात वाचलं जायचं. एक माणूस प्रवासाला निघतो, वाटेत माणसं भेटतात, प्रत्येक भेट काहीतरी शिकवते. पदमनजींच्या नावातही ‘पर्यटन’ आहे.

पण त्यांचा प्रवास कल्पनेतल्या डोंगरदऱ्यांतून जात नाही, तो महाराष्ट्रातल्या खऱ्या गावांतून जातो. यमुना ही शिकलेली मुलगी. तिचा नवरा विनायकराव सुधारक विचारांचा. दोघं बरोबर प्रवासाला निघतात. नवरा-बायको मिळून गावं बघतायत, वाटेत चर्चा करतायत, हेच त्या काळच्या वाचकाला चमत्कारिक वाटलं असणार. ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात. कोवळ्या वयात नवरा गेलेल्या, केशवपन झालेल्या, सगळ्या घराचं काम ओढणाऱ्या, एका वेळच्या जेवणावर ठेवलेल्या. कुणाला घरातल्याच पुरुषाने फसवलंय. कुणी पोटचं मूल मारलंय, कुणी जीव दिलाय. पंढरपूरसारख्या क्षेत्राच्या गावी काय चालतं तेही येतं. एकीमागून एक हकीकत, प्रत्येकीचं घर वेगळं आणि दुःख वेगळं. मग विनायकरावच जातो आणि आतापर्यंत दुसऱ्यांच्या कथा ऐकणारी यमुना स्वतः विधवा होते. तिच्या डोक्यावर वस्तरा फिरवायची तयारी सुरू होते. ती घर सोडते, ख्रिस्ती होते आणि पुढे पुनर्विवाह करते.

पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, जुलै १८५६ मध्ये झाला होता. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यासाठी रान उठवलं होतं. कायदा झाला तरी महाराष्ट्रात प्रत्यक्ष लग्नं लावायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक तयार होते. विधवाविवाह घडवून आणणारी विष्णुशास्त्री पंडितांची मंडळी उभी राहायला आणखी आठ-दहा वर्षं जायची होती. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ मध्ये. म्हणजे या पुस्तकात ज्या बायका मूल मारतात किंवा विहीर जवळ करतात, त्यांच्यासाठी आसऱ्याची जागा निघायला अजून सहा वर्षं होती. सव्वीस वर्षांच्या त्या मुलाने काय बघून लिहिलं असेल याचा अंदाज त्यावरून करा.

आता पुस्तकाचं पुढे काय झालं ते पाहू.

मराठी वाचकाने त्याला हात लावायचं टाळलं. चार वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली. राजपुत्र, कपटी कारस्थानं, वियोग, अद्भुत योगायोग. लोकांनी ती डोक्यावर घेतली आणि तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुढची कितीतरी वर्षं ‘पहिली स्वतंत्र मराठी कादंबरी’ म्हणून तिचंच नाव सांगितलं गेलं. ते काका अगदीच चुकलेले नाहीत. ‘यमुनापर्यटन’ला इतिहासात एक ओळ मिळायची, आणि ती साधारण अशी: मिशनऱ्यांच्या प्रेरणेने लिहिलेलं प्रचारकी पुस्तक.

हा शिक्का खोटा आहे का? पूर्ण खोटा नाही. मी पुस्तक वाचलं तेव्हा शेवटाकडे माझाही धीर सुटला. वाद लांबत जातात, पात्रं बोलायची थांबतात आणि लेखक बोलू लागतो. सगळ्या प्रश्नांचं उत्तर धर्मांतरात आहे हे त्याला इतकं पक्कं ठाऊक आहे की यमुनेला स्वतःचा विचार करायला जागाच उरत नाही. समीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं, ते योग्यच. माझा आक्षेप आहे तो या एका दोषासाठी उरलेलं सगळं पुस्तक बाजूला सारण्यावर.

याच्याशी इंग्रजांनी काय केलं ते ताडून बघा. डॅनिएल डिफोचं ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ चं. इंग्रजी कादंबरीची सुरुवात सांगताना बहुतेक जण तिथूनच करतात. आपल्या मुलांच्या शाळेच्या लायब्ररीत ते असतं, पण संक्षिप्त रूपात. मूळ पुस्तक उघडलं तर क्रूसो बेटावर बायबल वाचतोय, पापांचा पश्चात्ताप करतोय, फ्रायडेला ख्रिस्ती करतोय, असं पानंच्या पानं आहे. इंग्रजी वाचकाने ती पानं उलटली आणि वाळूतला पाऊलठसा, बकऱ्या, छत्री जपून ठेवली. ‘डिफो प्रवचन करतो, म्हणून तो कादंबरीकार नाही’ असं कुणी म्हटलं नाही. आपल्या पहिल्या कादंबरीकाराला आपण ही सवलत दिली नाही. कारणही उघड आहे. डिफो त्यांच्यातलाच होता. पदमनजी मात्र आपल्यातून ‘गेलेले’ होते.

गंमत म्हणजे ते ज्यांच्याकडे गेले त्यांनीही त्यांना कादंबरीकार म्हणून फारसं पाहिलं नाही. ‘अरुणोदय’ १८८८ मध्ये आलं. मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्याचा इंग्रजी अवतार दोनच वर्षांत निघाला आणि त्याचं नाव ठेवलं गेलं ‘वन्स हिंदू, नाऊ ख्रिश्चन’. आधी हिंदू, आता ख्रिस्ती. एका माणसाच्या आयुष्याची एवढीच बातमी! या माणसाने शंभराच्या आसपास लहानमोठी पुस्तकं लिहिली, नियतकालिकं चालवली, काही वर्षं पुण्यात पाळक म्हणून काम केलं. १८६० मध्ये ‘शब्दरत्नावली’ हा समानार्थी शब्दांचा कोश केला. मोल्सवर्थच्या अवाढव्य मराठी-इंग्रजी कोशाची सुटसुटीत आवृत्ती १८६३ मध्ये तयार केली. शाळा-कॉलेजच्या मुलांना परवडेल, हातात मावेल असा कोश. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मोल्सवर्थने सर्व्हर बांधला आणि पदमनजींनी त्यातून लोकांच्या खिशात बसेल असं काहीतरी काढून दिलं. बाहेरून आलेल्या माणसाला हे जमत नाही. त्याला भाषा घरात, माजघरात, ओट्यावर ऐकलेली असावी लागते.

‘यमुनापर्यटन’मध्ये नेमकं हेच दिसतं. उपदेशाची पानं सोडा आणि बायका एकमेकींशी बोलतात ती पानं वाचा. सासू सुनेला काय म्हणते, शेजारीण सांत्वनाला येऊन काय टोचून जाते, भावजय आलेल्या नणंदेला कसं जेवायला वाढते. १८५७ च्या आधीच्या मराठी गद्यात, म्हणजे बखरीत किंवा शाळाखात्याच्या पुस्तकांत, असं साधं घरगुती बोलणं शोधावं लागतं. मला यात त्यांचा खरा पराक्रम वाटतो. नमुना नसताना त्यांनी मराठी बाईला गद्यात बोलतं केलं.

आणखी एक गोष्ट सांगतो. तेहतीस वर्षांनी, १८९० मध्ये, हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः छापायला सुरुवात केली. तीही विधवेची कथा, केशवपन त्यातही आहे, आणि नायिकेचं नाव यमू! योगायोग म्हणा, दुसरं काही म्हणा. हरिभाऊंची कादंबरी कितीतरी पटींनी मोठी आहे, याबद्दल वाद नको. यमू स्वतःच्या तोंडाने बोलते, उपदेश करत नाही, आणि शेवटी तिला सुटकेचा कोणताच दरवाजा नसतो, म्हणून ती काळजाला भिडते. पण एका यमुनेला आपण पाठ्यपुस्तकात नेलं आणि दुसरीला तळटीपेत बसवलं.

मग पुन्हा लक्ष कधी गेलं? स्वातंत्र्यानंतर. कुसुमावती देशपांडे यांनी १९५० च्या दशकात ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्या शतकाच्या आरंभी या पुस्तकाची दखल घेतली. ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झालेल्या याच कुसुमावती. पण खरा धक्का दिला तो भालचंद्र नेमाडे यांनी. त्यांनी मराठी कादंबरीचे तीन प्रवाह मांडले आणि प्रत्येकाच्या उगमाशी एक पुस्तक ठेवलं: वास्तवाला भिडणारा प्रवाह ‘यमुनापर्यटन’पासून, मनोरंजनाचा ‘मुक्तामाला’पासून, इतिहासात रमणारा ‘मोचनगड’पासून. ‘मोचनगड’ १८७१ चं, रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचं, आणि गुंजीकरही बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीचे! तीन प्रवाहांतले दोन बेळगावकडून निघतात. आपल्यात जे बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे आहेत त्यांनी हे इथे दुबईत छाती काढून सांगावं.

नेमाड्यांच्या या मांडणीवर मतभेद आहेत आणि असावेत. पण त्यामुळे एक झालं. कादंबरी म्हणजे अद्भुत गोष्ट की आजूबाजूचं आयुष्य, या प्रश्नात ‘यमुनापर्यटन’ पहिली साक्षीदार म्हणून उभी राहिली. प्रचारकी म्हणून तिला झटकून टाकणं अवघड झालं.

अलीकडे दीप्रा दांडेकर यांनी पदमनजींवर इंग्रजीत अभ्यासग्रंथ लिहिला, आणि २०२२ मध्ये त्यांनीच केलेला कादंबरीचा इंग्रजी अनुवाद ‘यमुनाज जर्नी’ या नावाने आला. हा अनुवाद आपल्यासारख्यांच्या घरात उपयोगी आहे. मुलं मराठी बोलतात, समजतात, पण १८५७ ची मराठी वाचताना मोठ्यांचीसुद्धा दमछाक होते. अनुस्वारांचा तर पाऊस. मी घरी अनुवाद आणि मूळ शेजारी ठेवून वाचले. एक परिच्छेद इंग्रजी, मग तोच मराठी, मोठ्याने. मोठ्याने वाचलं की जुनी मराठी निम्मी सोपी होते, कारण ती बोलण्यासारखीच लिहिलेली आहे.

तुम्ही म्हणाल, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या या भांडणाशी आपला काय संबंध? तर तमिळ पहिल्या कादंबरीचे लेखक, मायूरम वेदनायगम पिळ्ळै, तेही ख्रिस्ती. तमिळ माणूस त्यांचं नाव घेताना अडखळत नाही. त्यांची कादंबरी धर्मांतराची नाही, हा फरक आहे, तो मान्य. पण आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घराघरांत वाचली गेली, तिच्यातही धर्मांतर आहेच. १९३० च्या दशकापर्यंत हवा थोडी निवली होती, आणि लक्ष्मीबाई वाचकाला हसवतात, स्वतःवरही हसतात. पदमनजींना विनोदाचं अंग नव्हतं, त्याची किंमत त्यांनी मोजली.

आणि भांडण फार जुनंही नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक. त्यांची मराठी ऐकली असेल तर तिची गोडी ठाऊक असेल. तरीही एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. संमेलन पार पडलं, त्यांनी भाषण केलं. २०२४ मध्ये ते गेले.

इथे आपल्या मंडळाच्या गणपतीला मांडव बांधायला वसईचा एखादा डिसोझा येतो, रत्नागिरीचे मुस्लिम शेजारी आपल्याशी कोकणी ढंगाच्या मराठीत भांडतात, आणि ऊद मेथाच्या चर्चमधून बाहेर पडणाऱ्या गर्दीत कुठूनतरी ‘अगं, गाडी कुठे लावलीस?’ ऐकू येतं. पदमनजींचं पुस्तक या सगळ्यांच्याही भाषेतली पहिली कादंबरी आहे. शाळेत मराठी नसलेल्या आपल्या मुलांना भाषेची ओळख करून देताना आपण कुणाकुणाची नावं घेतो, हे आपल्याच हातात असतं. इथे पाठ्यपुस्तक मंडळ नाही.

पुस्तक वाचायचं ठरवलंत तर माझं ऐका आणि सुरुवातीपासून वाचा, शेवटापासून नको. यमुना आणि विनायकराव प्रवासाला निघतात तिथपर्यंत नेटाने जा, मग वाटेवरच्या बायका तुम्हाला सोडणार नाहीत. शेवटचे वादविवाद चाळले तरी चालतील. घरात आजी असेल, भारतातून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली, तर तिला एखादं प्रकरण वाचून दाखवा. आमच्याकडे ऐकता ऐकता आईने तिच्या आजेसासूची गोष्ट सांगायला घेतली. लाल आलवण, मागच्या दाराची खोली, सणाला समोर न येणं. आमच्या घरात ती गोष्ट आधी कधी कुणी काढली नव्हती. पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या संध्याकाळी तीच ऐकली.